राजीनामा आणि खालची रेघ

ताई, तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि मी अजून तुझी कपाटं उपसते आहे. शेजारच्यांना वाटतं, बहीण बहिणीच्या साड्या उराशी धरून रडत असेल. रडतेही मधूनमधून, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मी शोधते आहे. प्रत्येक खणातला कागद उचलला, खाली हात फिरवला. तू कागद इतके चापून बसवायचीस की नख घातल्याशिवाय निघत नाहीत. खाली काही नाही. दोन डांबरगोळ्या, एक ब्लाउजचं हुक, आणि मुनिरक्याच्या या फ्लॅटची नेहमीची दिल्लीची धूळ.

मी काय शोधते आहे हे तुला माहीत होतं का, तेवढंच मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं तुझ्याकडे बघत राहिले त्यासाठी. तू हसलीस की वाटायचं, माहीत नाही हिला. तू गप्प बसलीस की मनात पाल चुकचुकायची. आता विचारायची सोय राहिली नाही म्हणून तुला लिहिते आहे. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दूधवाला एखादे दिवशी लवकर आला तरी मी विचारते, का बुवा?

सुरुवात त्या पुस्तकापासून करते, कारण घात त्यानंच केला. तू सरोजिनी नगरला लोकरीचे मोजे घ्यायला गेलीस आणि फुटपाथवरच्या चादरीवरून ती जाडजूड इंग्रजी कादंबरी उचलून आणलीस. दोन चिनी बहिणींची गोष्ट, जुन्या काळातली. त्यांची नावं आपल्या दोघींच्या जिभेवर बसेनात म्हणून तू त्यांना थोरली आणि धाकटी करून टाकलंस. एरवी तू एखादी कादंबरी महिनाभर पुरवणारी बाई. ही चार दिवसांत संपवलीस आणि दिवाळीत माझ्या हातात ठेवलीस.

"हे वाच," तू म्हणालीस. "आणि पूर्ण वाच. नंतर बोलू."

मला तेव्हाच संशय आला. तू मला आजवर साड्या दिल्यास, लोणची दिलीस, फुकटचे सल्ले दिलेस. पुस्तक कधी दिलं नव्हतंस. पुस्तकं हा माझा प्रांत. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं मी तपासते, ऱ्हस्व-दीर्घावरून मी लोकांचा जीव खाते, तुझ्या मराठीतला प्रत्येक 'अच्छा' आणि 'चलो' मी उभ्या जागी खोडते. मग हे पुस्तक मला कशाला?

तिसाव्या पानावर कळलं कशाला. निदान मला तसं वाटलं.

रेशमाच्या किड्यांवर जगणारं गाव. थोरलीला अक्षरओळख नाही, धाकटी मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून घरातली पत्रं धाकटी वाचून दाखवते. गावातला एक तरुण मलायात कथलाच्या खाणीवर गेलेला. त्याचं थोरलीला पत्र येतं. धाकटी ते सगळं वाचून दाखवते, फक्त एक वाक्य गाळते. त्यानं लिहिलेलं असतं की तू ये, नव्या वर्षापर्यंत मी धक्क्यावर वाट बघेन. ते वाक्य ती गिळते, कारण आई नसलेल्या घरात तिला एकटीला राहायचं नसतं. आणि थोरली, आपल्याला कुणी बोलावलंच नाही असं समजून, त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे स्वतःचे केस स्वतः विंचरून वर बांधते. तिथं लग्नाच्या दिवशी मुलीचे केस घरातली वडीलधारी बाई विंचरून बांधायची. जिला लग्नच करायचं नसेल तिनं देवासमोर स्वतःच बांधायचे. एकदा बांधले की बांधले, मग कुणी मागणी घालायची नाही. पुढे गावात उपासमार होते आणि दोघी बोटीत बसून त्याच मलायात जातात. थोरली लोकांच्या घरी स्वयंपाक करून धाकटीला शिकवते.

मी पुस्तक मिटलं आणि आठ दिवस उघडलं नाही. मेट्रोत बॅगेत असायचं, आणि मी खिडकीबाहेर भिंती बघत बसायची. भुयारातल्या भिंती, त्याही.

आता आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरचं बोलते. तुला आणि मला दोघींना पाठ असलेलं, आणि आपण दोघी कधीच न बोललेलं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा ऑफिसातून यायचे, बूट काढायचे आणि पलंगावर बसून भिंतीवरच्या सरकारी कॅलेंडरकडे बघत राहायचे. तू सव्वीसची, कोर्टात नुकतीच स्टेनो लागलेली. मी एकोणीसची, कॉलेजात. आणि साताऱ्याचे ते, तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला दिल्लीत आलेले. दोनदा आपल्याकडे जेवून गेले. एकदा तुम्ही दोघं मलई मंदिरापर्यंत चालत गेलात आणि तू परत आलीस ती चपला हातात घेऊन, कारण पट्टा तुटला होता आणि तुला त्याचं काही वाटत नव्हतं. जाताना ते म्हणाले होते, आईंचं वर्ष होऊ दे, मी पत्र लिहीन. हे तू मला भाकरी भाजता भाजता सांगितलंस. माझ्याशिवाय सांगायला होतंच कोण तुला?

पत्र आलं. दुपारी आलं, निळं आंतर्देशीय, तुझ्या नावाचं. तू कोर्टात, बाबा ऑफिसात. मी ते केसातल्या पिनेनं उघडलं. वाचलं. आणि माझ्या कपड्यांच्या ट्रंकेत, तळाच्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली सरकवून दिलं.

उद्या देईन, असं मी ठरवलं होतं. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही, खरंच ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत, तू त्यांच्यापुढे ताट घेऊन अर्धा तास उभी राहिलीस, आणि मला दिसलं की तू गेलीस की त्या ताटामागे मी उभी असणार. रोज. मग मी म्हटलं, परवा देईन.

आणि तू रोज संध्याकाळी आलीस की पर्स खुंटीला अडकवताना पाठमोरीच विचारायचीस, "काही आलं?"

"लाइटचं बिल."

"अच्छा."

चैत्र उलटला. एक दिवस तू आलीस, पर्स अडकवलीस आणि काही विचारलं नाहीस. त्यानंतर कधीच विचारलं नाहीस. वैशाखात त्यांच्या लग्नाची बातमी कुणाकडून तरी आली. तू म्हणालीस, "चांगलं झालं," आणि हरभऱ्याची डाळ निवडायला घेतलीस. पुढे बाबांनी दोन स्थळं आणली, तू दोन्ही परतवलीस, आणि घरात एक वाक्य कायमचं रुजलं: सुनंदाला लग्न करायचंच नव्हतं. पाहुणे म्हणायचे, बाबा म्हणायचे. मीसुद्धा म्हटलंय. सगळ्यांत ठासून मीच.

चार वर्षांनी माझं ठरलं. लग्नाआधी आठ दिवस मी ट्रंक रिकामी केली. ते पत्र जाळायचं की तुला द्यायचं, अजून ठरत नव्हतं. तळाचा कागद उचलला, तर कागद नवा होता. त्याच वर्षीचा. खाली पत्र नव्हतं.

कागद तू बदलतेस हे घरात शेंबडं पोरही सांगेल. दर दसऱ्याला घरातला प्रत्येक खण, प्रत्येक ट्रंक. पण जुन्या कागदांचा गठ्ठा तू न बघता कबाडीवाल्याच्या तराजूत टाकायचीस. मग ते पत्र तुझ्या हाताला लागलं, की कागदाला चिकटून रद्दीत गेलं? तेव्हापासून मला एवढंच जाणून घ्यायचं आहे. विचारता येत नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे कबूल करायचं. खाई त्याला खवखवे, ते काही खोटं नाही.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. माझ्या लग्नाच्या सकाळी मावश्यांची कुजबुज चालली होती की नवरीचा खोपा सुवासिनीनं घालावा. तू त्यांना सरळ म्हणालीस, "चिमीचे केस मीच विंचरणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी बाहेर बसा." आणि मागे बसून तू असा कंगवा ओढलास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते. मी मात्र आरशात तुझा चेहरा शोधत होते. तुझ्या तोंडात आकडे होते, त्यामुळे चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. गुंता होता म्हणून ओढलास, की कळलं होतं म्हणून?

नंतर मी नोएडाला, तू मुनिरक्यात. बाबा शेवटपर्यंत तुझ्याकडे. त्या ताटामागे शेवटी तूच उभी राहिलीस, तीस वर्षं. माझी मुलगी झाली तेव्हा सव्वा महिना तू रजा काढून आलीस, तिला पायांवर घेऊन तेल चोळलंस. माझ्या ऑपरेशनच्या वेळी शुद्धीवर आले तर पहिला तुझा हात दिसला, त्यात अर्धं सोललेलं मोसंबं. तेव्हाही, तुला सांगते, कृतज्ञता वाटायच्या आधी मला वाटलं, ही इतकं का करते? काय काढायचं आहे हिला माझ्याकडून? असं मन घेऊन जगावं लागतं ताई, तुला काय माहीत. की माहीत होतं?

आणि तुझं ते वाक्य. घरी कुरियरवाला आला, दारात पार्सल वाजलं, की तू आतून हाक मारायचीस, "काही आलं का गं?" साधंच विचारायचीस. मी मात्र दर वेळी हातातलं काम टाकून दाराशी धावायची. पार्सलात एखादा मिक्सर असायचा.

म्हणून पुस्तक हातात पडलं आणि मला वाटलं, हे समन्स आहे. कोर्टात आयुष्य काढलेली बाई, तिनं समन्स बजावायची हीच तऱ्हा शोधली.

तुझ्या बाल्कनीतला तो शेवटचा वाद. मी अर्धंच वाचलं होतं. चहा तू नेहमीसारखा जास्त उकळला होतास, आणि मी थोरलीवर तुटून पडले. म्हटलं, तिला हुतात्मा व्हायची हौसच होती. ते वाक्य ऐकलं असतं तरी तिनं केस बांधलेच असते. असली माणसं स्वतःच्या त्यागावर जगतात आणि दुसऱ्याला जन्मभर ओझ्याखाली ठेवतात.

"धाकटीला तू बिल्कुल माफ करून टाकलंस की," तू म्हणालीस.

"'बिल्कुल' नाही, 'अगदी'. आणि माफ काय करायचंय? एकोणीस वर्षांची पोर. घाबरली."

तू चहाचा कप खाली ठेवलास.

"सोळा," तू म्हणालीस. "पुस्तकात धाकटी सोळा वर्षांची आहे."

समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं. मी तिकडे बघत राहिले. म्हटलं, "सोळा तर सोळा. तेच ते."

"पूर्ण वाचलंस ना तू?"

"हो."

"शेवट कसा वाटला?"

"ठीक आहे. जरा लांबवलाय."

"लांबवलाय," तू म्हणालीस, आणि इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मी उठून पाठ चोळली. माझ्या हाताखाली तुझी पाठ हलत होती आणि मला कळत नव्हतं की ही हसते आहे की काय करते आहे. मग तू डोळे पुसून म्हणालीस, "यार चिमे, माझ्या कॉपीत मी पेन्सिलनं काय काय लिहिलंय. कधीतरी बघ." त्याआधी तू स्वतःसाठी दुसरी प्रत मागवली होतीस, हेही मला तेव्हाच कळलं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती कोण घेतं? मी ते मनात टिपून ठेवलं आणि मेट्रो पकडायला निघाले. पंधरा दिवसांनी तू गेल्याचा फोन आला.

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी तुझी प्रत घेऊन बसले. पेन्सिलीच्या खुणा भरपूर, पण शब्द फार थोडे. केस बांधण्याच्या प्रसंगापाशी 'हं'. बोटीच्या प्रवासापाशी 'उलट्या, बिचारी'. धाकटीच्या शाळेपाशी 'हुशार आहे'. तपास करणाऱ्याच्या हाती लागावं असं काहीच नाही. मग मी ते वाचलं, जे वाचल्याचं तुला खोटं सांगितलं होतं.

शेवटी दोघी म्हाताऱ्या झालेल्या असतात. थोरलीला दिसेनासं झालेलं. ती पेटीच्या तळातून ते जुनं पत्र काढते, धाकटीच्या हातात देते आणि म्हणते, हे मला पुन्हा एकदा वाचून दाखव. बस, एवढंच. धाकटी वाचायला लागते, गाळलेल्या वाक्यापाशी येते, थांबते. आणि ते वाक्य वाचते. थोरली म्हणते, आता पूर्ण झालं, चहा टाक. कादंबरी संपली.

आता कळलं ताई. तू 'शेवट कसा वाटला' असं विचारलंस तेव्हा तू माझ्या हातात पत्र दिलं होतंस. आणि मी म्हटलं, लांबवलाय.

पण खरा घाव त्याच्या खाली होता. छापील मजकूर संपतो तिथं कोऱ्या जागेत तुझं ते बारीक गोल अक्षर: 'राजीनामा.' त्याखाली तुझी पूर्ण सही, सुनंदा. आणि तिच्याखाली पेन्सिलीची एक आडवी रेघ, बोटभर लांब.

मी ते दहा वेळा वाचलं. राजीनामा. बाबांसारख्या सरकारी नोकराच्या घरात वाढलेल्या मुलीला राजीनाम्याचा अर्थ सांगावा लागत नाही. माणूस पदावरून उतरतो, सही करतो, खाली रेघ मारतो. संपलं. म्हणजे तुला कळलं होतं, आणि शेवटी तू मला हे कळवत होतीस की तू माझ्या ताईपणाचा राजीनामा दिला आहेस. मी शेवट लांबवलाय म्हटलं त्या दिवशी दिलास, की चाळीस वर्षांपूर्वीच देऊन नुसती नोटिशीची मुदत भरत होतीस? मोसंबं सोलत होतीस ते काय होतं मग? मला तुझा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. पुस्तक मी पलंगावर फेकलं आणि तुझे खण पुन्हा पहिल्यापासून उचकटायला लागले. पत्र सापडलं तर निदान कळेल, कधी कळलं तुला.

त्याच दुपारी बेल वाजली. दारात मानेसरची बिमला. तुझ्या तोंडून तिचं नाव शंभरदा ऐकलेलं, बघितली पहिल्यांदाच. डोक्यावरून पदर, हातात तुझा स्टीलचा डबा. "मैडम जी ने इसमें शीरा भेजा था। खाली डब्बा कैसे लौटाती," म्हणून त्यात चूरमा घालून आणलेला. ती सोफ्यावर टेकली आणि तुझ्या फोटोकडे बघून आधी पोटभर रडली. मग बोलायला लागली. तू कोर्टाच्या मध्यस्थीच्या कचेरीत गेलीस तेव्हापासून ती तुझ्या हाताखाली होती म्हणाली, तूच तिला कागद लिहायला शिकवलंस.

"मियाँ-बीवी हों, भाई-भाई हों, सास-बहू हों, सबके राज़ीनामे मैडम जी ने ही लिखे। उनके हाथ का राज़ीनामा कभी टूटा नहीं जी।"

मी सरळ झाले. "राज़ीनामा? मतलब, नौकरी छोड़ने वाला?"

"अरे ना जी," ती रडता रडता हसली. "वो तो इस्तीफ़ा हुआ। राज़ीनामा माने दोनों पार्टी राज़ी। झगड़ा ख़तम। आप मैडम जी की बहन होके नहीं जानतीं?"

आणि मला आठवलं. खूप वर्षांपूर्वी तू फोनवर म्हणाली होतीस, "आज मस्त दिवस गेला, तीन राजीनामे झाले." आणि मी, शुद्धलेखनाची ठेकेदार, म्हटलं होतं, "राजीनामे होत नाहीत ताई, देतात. 'तीन राजीनामे दिले' असं म्हण." तू म्हणालीस, "बरं बाई, दिले." मला वाटलं, तुझ्या कचेरीत माणसं टिकत नाहीत. तू दिवसभर काय करतेस हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. मी फक्त तुझं व्याकरण तपासत होते.

मी आत जाऊन पुस्तक आणलं आणि बिमलापुढे शेवटचं पान उघडं धरलं. इंग्रजी तिनं सोडून दिलं आणि खालच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं. "लो, ये तो मैडम जी का ही है।" मग त्या रेघेवर बोट नेलं, आणि तिचा चेहरा एकदम कचेरीतला झाला.

"दूसरी पार्टी ने साइन नहीं किया?"

"कौन सी दूसरी पार्टी?"

"ये लाइन किसके वास्ते है फिर? एक के साइन से राज़ीनामा थोड़े ही होता है जी। एक पार्टी आके कर गई, तो मैडम जी नीचे लाइन खींच के रखती थीं। जिसको आना है, आ जाए। कोई-कोई तो बरसों बाद आया। मैडम जी कहती थीं, बिमला, लाइन खाली है तो फ़ाइल खुली है।"

तिनं चहा घेतला, तुझ्या फोटोला हात जोडले आणि पाचच्या बसनं गेली.

म्हणजे तुला कळलं होतं. एवढं तरी पक्कं झालं ना? की नाही? बघ, माझी खोड जात नाही. मी ती रेघ खिडकीशी नेऊन उजेडात बघितली. कदाचित तू नुसतीच ओढली असशील, हाताची सवय. कदाचित राजीनामा त्या दोघींचा असेल, थोरली-धाकटीचा, आणि सही तू पुस्तक आपलं म्हणून केली असशील. आणखी एक गोष्ट मी संशयानंच तपासली: राजीनाम्यावर शर्ती लिहितात म्हणे, कुणी काय द्यायचं, कुणी काय सोडायचं. तू एकही लिहिलेली नाहीस. पान मागूनपुढून बघितलं. नुसता एक शब्द आणि तुझी सही.

मग शर्त मीच घालते. थोरलीनं मागितलं तेवढंच. गाळलेलं वाचून दाखवते. मला ते पाठ आहे ताई, कागद कुणाच्याही हाती गेला असला तरी मला ते पाठ आहे. 'आपला होकार असेल तर पाडव्यापर्यंत दोन ओळी पाठवाव्यात. घरचे घाई करत आहेत, पण मी आपल्या पत्राची वाट बघेन. उत्तर आलं नाही तर आपली इच्छा नाही असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही. आपल्या चपलेचा पट्टा शिवून घेतलात का?'

तो शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळत आला. तू शिवून घेतला होतास. त्याच आठवड्यात, सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या मोच्याकडून. मी बघितलं होतं.

हो ताई, पत्र आलं होतं. तू रोज विचारत होतीस आणि मी लाइटचं बिल सांगत होते. माझं चुकलं. तुझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं तेव्हा मला हे म्हणायचं होतं, बाबा गेले तेव्हा म्हणायचं होतं, बाल्कनीत तर तू माझ्या तोंडाशी आणून ठेवलं होतंस. आता म्हणते आहे, तुझ्या रिकाम्या खणांपुढे बसून, आणि तू 'अच्छा' म्हणशील म्हणून कान देऊन. तू म्हण. मी खोडणार नाही.

पेन्सिल तुझ्याच पर्समधली घेतली. तुझ्या सहीखालच्या रेघेवर माझं नाव लिहिलं, घरातलं. चिमीची शेवटची वेलांटी ऱ्हस्व पडली आहे. राहू दे तशीच.